गळाला लागलेला अनोळखी समुद्री मासा : ओळख

समुद्रात गळाने मासे धरताना बाजारातल्या नेहमीच्या माशांत न बसणारा मासा मिळाला, तर शरीररचनेवरून त्याचे कुल आणि शक्य असल्यास जात ठरवण्याची पद्धत. येथे कोकण किनारा डोळ्यांसमोर ठेवला आहे. ‘विचित्र’ वाटणारा मासा दुर्मीळ असतोच असे नाही. बहुतेक वेळा ते ओळखीच्याच माशाचे पिल्लू असते, किंवा खाण्याजोगा नसल्याने बाजारात न येणारा मासा असतो. रंगावरून सुरुवात केली की ओळख हमखास चुकते. रंग वयाप्रमाणे, तळाप्रमाणे आणि मेल्यावर काही मिनिटांतच बदलतो. काटे, पर (माशाचे पंख), दात आणि कल्ले मात्र सहसा बदलत नाहीत.

हाताळणी. ओळख पटेपर्यंत मासा उघड्या हाताने धरू नये. गरी लांब चिमट्याने काढावी, मासा ओल्या फडक्याने दाबून धरावा. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन करवती काटे असतात. पाकट या चपट्या माशाचा काटा शेपटीवर असतो. खडकाळ भागातल्या विंचूमाशांचे पाठीवरचे काटे विषारी असतात. त्यांच्यापैकी लायनफिशच्या पाठीवर असे 13 काटे असतात. काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात (45 अंश सेल्सिअसच्या आत) 30 ते 90 मिनिटे बुडवून ठेवावा, वेदना त्याने बरीच उतरते. पाण्याची उष्णता न दुखावलेल्या हाताने पाहावी, कारण बधिर झालेला हात भाजल्याचे कळत नाही. तुटलेला तुकडा आत राहू शकतो, म्हणून डॉक्टरकडे जाणे टाळू नये.

नोंद. मासा जिवंत किंवा ताजा असतानाच छायाचित्र घ्यावे. डोके डावीकडे, म्हणजे माशाची डावी बाजू वर, अशी मांडणी अभ्यासकांत रूढ आहे. पर टाचणीने किंवा बोटाने उघडून ठेवावेत, शेजारी पट्टी ठेवावी. मिटलेल्या परांचे काटे मोजता येत नाहीत आणि हातात उंचावून धरलेल्या माशाच्या फोटोवरून लांबीचा अंदाज येत नाही. तोंड उघडून दातांचा आणि पोटाकडून एक असे आणखी दोन फोटो लागतात. लांबी दोन प्रकारे लिहावी : मुस्काटापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि मुस्काटापासून शेपटीच्या परामुळापर्यंत. शेपूट अनेकदा तुटलेली असते, तेव्हा दुसरे मापच कामी येते. ठिकाण, खोली, तळ आणि आमिष यांचीही नोंद हवी. मालवण-विजयदुर्गच्या खडकाळ तळावर प्रवाळातले मासे मिळतात. मुंबई-रायगडच्या गाळाच्या खाडीत तसा मासा असल्याचा निष्कर्ष निघाला, तर मोजणी पुन्हा करावी.

पाहण्याचा क्रम. प्रथम कल्ले. झाकण नसून उघड्या चिरा दिसल्या तर मासा मुशी (शार्क) किंवा पाकटाच्या गटातला. चिरा बाजूला असतील तर मुशी, खालच्या अंगाला असतील तर पाकट. गिटारफिश आणि करवत मासा मुशीसारखे दिसतात. पण त्यांच्या चिरा खालीच असतात, म्हणून ते पाकटांचे नातलग.

झाकण असेल तर पाठीवरच्या परातले काटे मोजावेत. काटा एकसंध, टोकदार आणि न वाकणारा असतो. मऊ शलाका (पराला आधार देणारी लवचीक काडी) उजेडासमोर धरली की सांधे दिसतात आणि तिचे टोक बहुधा फाटलेले असते. गोबऱ्याच्या पाठीवर साधारणतः 11 काटे, कल्ल्याच्या झाकणावर तीन चपटे काटे. तांबोशीच्या पाठीवर बहुधा 10, आणि झाकणावर तसे तीन काटे नाहीत. दोन्ही मासे लालसर असू शकतात, त्यामुळे रंगावर विसंबणाऱ्याची येथे नेहमी फसगत होते.

मग शेपटीच्या देठावरून बोट फिरवावे. बाजूच्या रेघेवर कडक, खरखरीत खवल्यांची रांग लागली, तर मासा बहुधा कॅरँजिडी कुलातला. हलवाही याच कुलातला, पापलेटाच्या नव्हे, आणि ही रांग त्याच्या देठावर हाताला लागते. हलव्याच्या पिल्लाला पोटाखालचे पर असतात, मोठेपणी ते नाहीसे होतात. त्यामुळे ‘पोटाखाली पर नाहीत’ ही खूण लहान माशाला लावताना जपून लावावी.

नेहमी चकवणारे मासे. सर्वांत जास्त गोंधळ घालते ते अलेक्टिस या वंशाचे पिल्लू : चांदीच्या पत्र्यासारखे चपटे शरीर, आणि पाठीच्या व गुदाजवळच्या परांतून शरीराहून लांब लोंबणारे धागे. मासा मोठा होईल तसे धागे आखूड होतात आणि मग तोच मासा कोणाला विचित्र वाटत नाही.

डोक्यावर आडव्या पट्ट्यांची चकती असलेला मासा म्हणजे रेमोरा. ही चकती पाठीच्या पहिल्या पराचेच बदललेले रूप आहे. ती पोटाकडची समजून मासा उलटा ठेवला जातो, म्हणून आधी डोळे आणि तोंड पाहावे. पट्ट्यांची संख्या जात ठरवायला उपयोगी पडते. एकेनीस नॉक्रेट्स या जातीत ती 18 ते 28 असते. कोबियाचे पिल्लू अंगाने रेमोरासारखेच असते, पण त्याच्या पाठीवर चकतीऐवजी 7 ते 9 आखूड, सुटे काटे असतात.

ट्रिगरफिशच्या पाठीवरचा पहिला जाड काटा उभा राहिला की कितीही दाबला तरी खाली बसत नाही. त्यामागचा दुसरा, लहान काटा दाबला की पहिला लगेच मिटतो. याच्या नात्यातल्या लेदरजॅकेटमध्ये डोळ्याच्या वर एक लांब, बारीक काटा असतो. तो ओढाताणीत मोडतो, आणि मग मासा आणखीच परका दिसतो.

केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा (पफरफिश), ओळखताना मात्र चुकून चालत नाही. फुगला नसला तरी तो दातांवरून ओळखता येतो : वरच्या आणि खालच्या जबड्यात दातांच्या जुळलेल्या पट्ट्या, दोन्हींना मधोमध उभी रेघ, म्हणजे एकूण चार दात. काटेरी केंडाच्या दातपट्टीवर ही रेघ नसते, ट्रिगरफिशचे दात सुटे असतात. केंडाला नेहमीचे खवले नाहीत आणि पोटाखालचे परही नाहीत. अनेक जातींच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते शिजवून, वाळवून किंवा खारवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. ओठांना मुंग्या येणे, बधिरपणा आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडणे असा क्रम असतो. रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. सोलून तुकडे केल्यावर केंड ओळखता येत नाही, म्हणून ओळख कापण्याआधीच व्हायला हवी.

नमुना आणि पडताळणी. फोटोवरून नाव सांगणारी मोबाइल ॲप कामाची आहेत, पण ती दुसऱ्या महासागरातल्या जातीचे नावही तितक्याच खात्रीने देतात. सुचवलेली जात अरबी समुद्रात आढळते का आणि काट्यांची संख्या जुळते का, हे पाहिल्याशिवाय नाव स्वीकारू नये. पुष्कळदा प्रामाणिक उत्तर वंशापाशीच थांबते आणि ती नोंदही उपयोगाची असते.

नमुना द्यायचा असल्यास रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र यांना आधी फोटो पाठवून विचारावे. मासा सरळ ठेवून गोठवावा. पिशवीत दुमडून गोठवला की पर तुटतात. डीएनए तपासणीसाठी मांसाचा किंवा पराचा लहान तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये आधीच काढून ठेवावा, कारण फॉर्मॅलिनने (नमुने टिकवण्याच्या रसायनाने) डीएनए खराब होते.

करवत मासा, व्हेल शार्क आणि समुद्रघोडा यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. यांपैकी काही लागल्याची शंका आली तरी नमुना ठेवायचा नाही. दोरी जितकी जवळून कापता येईल तितकी कापून मासा पाण्यातच सोडावा आणि ओळख फोटोवरून करावी.