वेगवान पोरगा घ्यायचा का? बेसबॉलच्या ड्राफ्टमधलं पळण्याचं विज्ञान

अमेरिकन बेसबॉलच्या टीम दरवर्षी ड्राफ्टमध्ये शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात. २०१२ च्या ड्राफ्टच्या वेळी मिनेसोटा ट्विन्स या टीमच्या चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले होते. आधीच्या सीझनला टीम १६२ पैकी ९९ मॅच हरलेली, पिचिंगची, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांची, पार वाट लागलेली, आणि हातात दुसऱ्या नंबरचा पिक, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाने निवडायची संधी. एका गटाचं म्हणणं होतं की कॉलेजमधला तयार पिचर घ्या, दोनेक वर्षांत टीममध्ये येईल, स्टॅनफर्डचा मार्क अपेल आहे, केविन गॉसमन आहे, कुणीही चालेल. दुसऱ्या गटाला हवा होता जॉर्जियातल्या बॅक्स्ली नावाच्या छोट्या गावातला बायरन बक्स्टन, अठरा वर्षांचा शाळकरी पोरगा, सेंटर फिल्डर, म्हणजे मागच्या मैदानात मधोमध उभा राहणारा, आणि पळायला असा की स्काउट लोकांनी, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्यांनी, त्यांच्या २० ते ८० च्या मापात त्याच्या पळण्याला थेट ८० दिले, म्हणजे याच्या वर मार्कच नाहीत. ट्विन्सने बक्स्टनला घेतलं आणि ६० लाख डॉलरचा बोनस दिला.

असला वाद दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या टीमच्या चाहत्यांत होतोच. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, टीम आपापल्या नंबराप्रमाणे एकेक पोरगा उचलतात, आणि पहिल्या राउंडचा नेहमीचा पिक दुसऱ्या टीमला देऊन टाकायची सोयही नाही, त्यामुळे चुकलं तर चुकलं, वर्षभर हळहळत बसायचं. मला या वादात फार रस आहे कारण त्यात भांडण खेळाचं असलं तरी उत्तरं फिजिक्सची, डोळ्यांची आणि स्नायूंची आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: वेगवान आउटफिल्डर (मागच्या मैदानातला फिल्डर) जरूर घ्यावा, पण तो बेस चोरेल, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळून जाईल, म्हणून घेऊ नये, त्याच्या पायांची खरी वसुली मागच्या मोकळ्या मैदानात होते.

आधी वेग मोजतात कसा ते बघू. स्काउट लोक पोरांना ६० यार्ड पळवतात, म्हणजे साधारण ५५ मीटर, आणि स्टॉपवॉच लावतात. गंमत अशी की मॅचमध्ये ६० यार्ड सरळ रेषेत पळायची वेळ जवळजवळ येतच नाही. रन काढायला चार बेसची फेरी मारायची असते, आणि दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त वेग ६० मीटरच्या पुढे आला होता, म्हणजे बेसबॉलवाला पहिल्या बेसकडून दुसऱ्याकडे पोचतो तेव्हा त्याचा वेग अजून वाढतच असतो. तिथे टॉप स्पीडपेक्षा सुरुवातीची उसळी महत्त्वाची. २०१५ पासून मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे (आधी कॅमेरा-रडार, २०२० पासून कॅमेरे), ती प्रत्येक खेळाडूचा स्प्रिंट स्पीड काढते. सरासरी खेळाडू सेकंदाला २७ फूट, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर, आणि ३० फूट म्हणजे ताशी ३३ च्या आसपास, तिथे पोचणारे अगदी मोजके. बक्स्टन २०१७ मध्ये या यादीत वर होता, त्याच ऑगस्टमध्ये त्याने चारही बेसची ३६० फुटांची फेरी १३.८५ सेकंदांत मारली.

आता चोरीचा हिशोब. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून बॉल कॅचरच्या (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) हातात पडेपर्यंत १.३ सेकंद, कॅचरने पकडून, उठून, दुसऱ्या बेसवर पोचवेपर्यंत २ सेकंद, झाले ३.३ सेकंद. रनरने आधीच बारा-एक फूट लीड घेतलेली असते, म्हणजे तो बेस सोडून तेवढा पुढे सरकलेला असतो, उरतात ७८ फूट, ते त्याला साधारण तेवढ्याच वेळात संपवायचेत आणि शेवटी घसरतही जायचंय. सगळं काम दशांश सेकंदाचं. सेकंदाला ३० फूट या हिशोबाने ०.१ सेकंद म्हणजे ३ फूट, जवळजवळ एक मीटर, आणि एवढ्यात सेफ की आउट ठरतं. म्हणून पिचरचा खांदा, गुडघा, टाच बघून तो प्लेटकडे, म्हणजे बॅटरकडे, टाकणार की आपल्याकडे वळणार हे ज्याला अर्धा क्षण आधी कळतं तो पायाने जरा हळू असला तरी बऱ्याचदा जिंकतो.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे हर्ब वॉशिंग्टन. मिशिगन स्टेटचा धावपटू, इनडोअरच्या कमी अंतराच्या शर्यतींमधला विक्रमवीर, ओकलंड एजच्या चार्ली फिनली या मालकाने १९७४ मध्ये त्याला फक्त पळायला टीममध्ये घेतलं. बॅट हातात घ्यायची नाही, फिल्डिंग करायची नाही, दुसऱ्याच्या जागी बेसवर उभं राहायचं आणि पळायचं. सगळ्या करिअरमध्ये तो १०५ मॅच खेळला आणि बॅटिंगला एकदाही आला नाही. त्याने ४८ वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि ३१ वेळा जमलं, म्हणजे ६५ टक्के. आणि १९७४ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, दुसऱ्या मॅचमध्ये, नवव्या इनिंगला, टीमला एका रनची गरज असताना डॉजर्सचा पिचर माइक मार्शल याने गर्रकन वळून पहिल्या बेसवर बॉल टाकला आणि वॉशिंग्टन तिथेच आउट झाला.

६५ टक्के ऐकायला वाईट वाटत नाही, पण गणित वेगळं सांगतं. कुणी आउट नसताना रनर पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला तर त्या इनिंगमधले अपेक्षित रन ०.२ च्या आसपास वाढतात, आणि पकडला गेला तर ०.६ च्या आसपास कमी होतात, कारण रनरही गेला आणि एक आउटही वाया गेला. एका अपयशाची भरपाई करायला तीन यश लागतात, म्हणून ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली चोरी करणारा टीमचं नुकसानच करतो, भले स्टेडियम डोक्यावर घेऊ दे. २०२३ मध्ये नियम बदलले, बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली, पिचरला वळून बेसकडे बॉल टाकायच्या संधी कमी केल्या, बॉल टाकायला घड्याळ लावलं, तेव्हा एकूण चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या आणि यशाचं प्रमाण ८० टक्क्यांवर. पण हा फायदा सगळ्यांनाच झाला, नुसत्या वेगवानाला नाही, मध्यम पळणारेही आता चोरायला लागले.

आणि चोरी करायला आधी बेसवर पोचावं लागतं, इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. ताशी १५३ किलोमीटरचा बॉल पिचरच्या हातातून सुटल्यावर सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर येतो, त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात, म्हणजे बॉल कुठला, कुठे येणार, मारायचा की सोडायचा याला उरतं पाव सेकंद. याचा पायांशी काडीचाही संबंध नाही. २००९ च्या एकाच ड्राफ्टमधली दोन पोरं बघा. सिनसिनाटी रेड्सने ५७ व्या नंबरवर बिली हॅमिल्टनला घेतलं, तो तेव्हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) होता, पुढे सेंटर फिल्डला आला. २०१२ मध्ये मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगमध्ये, त्याने १५५ बेस चोरले, आजवरचा उच्चांक, आणि मेजर लीगमध्ये २०१४ पासून ओळीने ५६, ५७, ५८, ५९. पण तो १०० पैकी जेमतेम ३० वेळा बेसवर पोचायचा, जिथे सरासरी खेळाडू ३२ वेळा पोचतो, आणि मार लांब जात नसल्यामुळे पिचर बिनधास्त मधोमध बॉल टाकायचे, मग बाहेरचे बॉल सोडून मिळणारे फुकटचे वॉक तरी कुठून मिळणार. २०१८ संपल्यावर रेड्सने त्याला सोडून दिलं. त्याच ड्राफ्टमध्ये २५ व्या नंबरवर एंजल्सने न्यू जर्सीचा माइक ट्राउट उचलला, तोही वेगवान सेंटर फिल्डर, २०१२ मध्ये त्याने ४९ बेस चोरले आणि ३० होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले. पायांत दोघंही वाघ होते, फरक डोळ्यांत आणि मनगटात होता.

मात्र हॅमिल्टनही इतकी वर्षं टिकला तो फिल्डिंगवर, आणि माझ्या मते इथेच वेगाची गोष्ट खरी रंगते. उंच उडालेला बॉल चारेक सेकंद हवेत असतो. समजा साधा आउटफिल्डर तेवढ्यात ८० फुटांपर्यंत पोचतो आणि वेगवान ८८ फुटांपर्यंत. फरक १० टक्क्यांचा वाटतो, पण मैदान सपाट आहे, क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेगवान पोरगा २१ टक्के जास्त जमीन सांभाळतो, रोज, बॅटिंग जमो न जमो.

पण पळायचं कुठे हे कसं कळतं? क्रिकेटमध्ये लाँग ऑनला उभा असलेला फिल्डर करतो तेच हे काम आहे. सेव्हिल चॅपमन नावाच्या फिजिसिस्टने १९६८ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली: बॉल कुठे पडणार याचा हिशोब फिल्डरला करायचीच गरज नाही. बॉल सरळ अंगावर येत असेल आणि तुम्ही बरोबर जागी असाल तर नजरेच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढतो. बॉल वर चढताना वेग घेतोय असं वाटलं तर तो डोक्यावरून जाणार, मागे पळा, आणि मंदावतोय असं वाटलं तर पुढे पडणार, पुढे या. चॅपमनने हवेचा अडथळा सोडून दिला होता, पण पळता पळता फिल्डर सतत दुरुस्ती करतो त्यामुळे युक्ती चालते. १९९५ मध्ये मॅकबेथ आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात दाखवलं की बाजूला जाणाऱ्या बॉलसाठी फिल्डर असे पळतात की बॉलचा मार्ग त्यांना सरळ रेषेसारखा दिसत राहावा, आणि म्हणूनच त्यांची वाट किंचित वळणाची असते. स्टॅटकास्ट आता पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीड सेकंदातली उसळी आणि वाटेची अचूकता वेगवेगळी मोजतं. यातलं काहीही ६० यार्डांच्या स्टॉपवॉचमध्ये दिसत नाही. मी स्काउट असतो तर पोरगा किती जोरात पळतो हे एकदा बघून घेतलं असतं आणि मग चार दिवस फक्त बॅटचा आवाज झाल्यावर त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघत बसलो असतो.

बक्स्टनकडे हे सगळं होतं, २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा प्लॅटिनम ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डरचा मान, त्यालाच मिळाला, तो त्या वर्षी १४० मॅच खेळला. पुढच्याच वर्षी फक्त २८. वेगाची ही दुसरी बाजू, दुखापतींची, चाहते ड्राफ्टच्या दिवशी धरतच नाहीत. जोरात पळताना पाय पुढे येऊन जमिनीला टेकायच्या अगदी आधी मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो, आणि हॅमस्ट्रिंग बहुतेक तिथेच जातो, बेसबॉलमध्ये तर सगळ्यात जास्त पहिल्या बेसकडे धावताना. बक्स्टनचं दुखणं वेगळ्या जातीचं होतं, भिंतीपर्यंत जाऊन बॉल पकडायचा नाद, २०१९ मध्ये त्यात खांदा सरकला आणि ऑपरेशन झालं, नंतर गुडघा, आणि २०२३ चा पूर्ण सीझन तो नुसता बॅटिंगला आला, फिल्डिंगला एक दिवसही उभा राहिला नाही. तरी २०२५ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने ३५ होमरन मारले आणि २४ बेस चोरले, एकदाही पकडला गेला नाही. ज्या पिचरसाठी ट्विन्सचे चाहते भांडत होते तो अपेल मेजर लीगमध्ये पहिल्यांदा दिसला तो थेट २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून.

वयाचं गणित मात्र कुणालाच चुकत नाही. खेळाडूंचा स्प्रिंट स्पीड विशीच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि तिथून हळूहळू उतरतो, तर नजर आणि ताकद पुढे बरीच वर्षं वाढू शकतात. अठराव्या वर्षी घेतलेला पोरगा तीन-चार वर्षं मायनर लीगमध्ये बस प्रवास करतो तेव्हा त्याच्या पायांची सगळ्यात महागडी वर्षं तिथेच खर्ची पडतात. म्हणून केवळ वेगासाठीच पिक वापरायचा असेल तर मी कॉलेजवाल्याकडे झुकेन. बॉस्टन रेड सॉक्सने २००५ मध्ये ओरेगन स्टेटचा जेकोबी एल्सबरी २३ व्या नंबरवर घेतला, २००७ मध्ये तो वर्ल्ड सिरीज खेळत होता, २००९ मध्ये त्याने ७० बेस चोरले, आणि मेजर लीगमधली त्याची शेवटची मॅच २०१७ ची, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.