लगनचा सिलखाना आणि १८९८ ची रेघ

जुन्या बंदुकांच्या अमेरिकी बाजारात ‘नेपाळी मार्टिनी’, म्हणजे नेपाळच्या फौजेकडची मार्टिनी-हेन्री घडणीची जुनी रायफल, हा आता नेहमीचा माल आहे. ती दोन प्रकारांत विकली गेली. एक पुसूनसवरून, तेलपाणी करून दिलेली. दुसरी जशी सापडली तशी, काठमांडूची धूळ आणि डांबरासारखं घट्ट झालेलं ग्रीस यांच्यासकट. दुसरी स्वस्त, आणि खरे हौशी हिच्यावरच तुटून पडतात. दस्ता तडकलेला असेल, स्क्रू गहाळ असतील, गज नसेल. ग्रीसचा थर निघेपर्यंत कशाचीच खात्री नाही.

हा माल अमेरिकेत पोचला तो २००३ च्या एका सौद्यामुळे. न्यू जर्सीतली इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि जॉर्जियातली अटलांटा कटलरी या दोन कंपन्यांनी मिळून काठमांडूच्या लगन भागातल्या जुन्या वाड्यातला शस्त्रसाठा नेपाळकडून उचलला. ५० हजारांच्या घरात बंदुका, शिवाय खुकऱ्या, संगिनी, तोफा. त्या वाड्याचं नाव लगन सिलखाना, म्हणजे शस्त्रागार. आपल्या शिवकालीन अठरा कारखान्यांतला शिलेखाना तो हाच शब्द.

एवढी शस्त्रं तिथे साठली कशी, याचं उत्तर नेपाळच्या इंग्रजांशी असलेल्या नात्यात आहे. १८१४ ते १६ च्या युद्धानंतर सुगौलीचा तह झाला आणि शत्रू हळूहळू मित्र झाला. १८५७ च्या उठावात नेपाळचे सत्ताधारी जंगबहादूर राणा यांनी इंग्रजांच्या मदतीला लखनौपर्यंत फौज नेली. (पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांनी आसरा शोधला तोही नेपाळच्याच तराईत, हा त्या इतिहासातला कडू भाग.) कंपनीच्या काळातल्या, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीवर उडणाऱ्या ‘ब्राऊन बेस’, मग एनफिल्ड, मग स्नायडर, मग मार्टिनी-हेन्री अशा पिढ्या या साठ्यात एकावर एक चढत गेल्या. नवी आली की जुनी मोडीत काढायची पद्धत नव्हती. तेल लावून ठेवून द्यायची, बस्स.

इंग्रजांचा हात मात्र कायम आखडता होता. उठावानंतर देशी पलटणींना मुद्दाम आटे नसलेल्या, म्हणजे नेम कमी साधणाऱ्या नळ्या दिल्या जात. नेपाळलाही नवं हत्यार सहजी मिळेना, तेव्हा सत्ताधारी राणा घराण्याने ते घरीच घडवायला घेतलं. पंतप्रधान वीर शमशेर यांचे पुत्र गहेंद्र शमशेर यांना नेपाळचे पहिले शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांच्या नावाची गहेंद्र रायफल दिसायला मार्टिनी, आतून मात्र वेगळी, वेस्टली रिचर्ड्सच्या पेटंटवर बेतलेली. सगळं काम हातकामाचं. त्यामुळे एका गहेंद्रचा भाग दुसरीत बसेलच असं नाही. दहा मोडक्या घेऊन पाच धड बनवायचा नेहमीचा हिशेब इथे चुकतो.

सौदा शक्य झाला त्यामागे आणखी एक तारीख आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते, आणि केंद्रीय कायद्याच्या बऱ्याच जाचातून सुटते. १८९९ ची तीच बंदूक सुटत नाही. जुनी लष्करी शस्त्रं ढिगाने घ्यायची आणि सुटी विकायची हा धंदा तिथे त्याहून कितीतरी जुना. न्यूयॉर्कच्या बॅनरमन घराण्याने तो यादवी युद्धानंतर उभा केला. १८९८ च्या स्पॅनिश युद्धातला माल इतका घेतला की साठवायला १९०० मध्ये हडसन नदीतलं एक बेटच विकत घ्यावं लागलं. १९६८ च्या कायद्याने लष्करी मालाची आयात जवळजवळ बंद केली आणि धंदा आटला. नेपाळचा साठा बहुतांशी १८९८ च्या अलीकडे न येणारा, म्हणून तो या फटीतून आत गेला.

आता दुरुस्ती. मार्टिनीचा दस्ता एका लांब बोल्टने मागून आवळलेला असतो. ग्रीस मुरून लाकूड काळंठिक्कर पडलेलं. द्रावणाने ते उतरवायचं, पोचा पडला असेल तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. शेवटी जवसाच्या तेलाचे हात. लोखंडाला मात्र हात राखून. चकाकी आणायच्या नादात कोणी बफिंग मशीन चालवलं, की कारखान्याचे ठसे पुसट होतात आणि बंदुकीची किंमत उतरते. किती पुसायचं यावर संग्राहकांची भांडणं संपत नाहीत. माझं मत विचाराल तर धूळ जावी, गंजाचा तपकिरी रंग राहू द्यावा. बार काढायचा मोह तर नकोच. गहेंद्र वापरायची नाही, भिंतीवर लावायची, असं विकणारेही बजावतात.

आपल्याकडे गणित नेमकं उलटं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. तिकडे बनल्याचं वर्ष पाहतात, इकडे हत्यार कायमचं निकामी आहे का ते. वाड्याच्या माळ्यावर सापडलेली पणजोबांची ठासणीची बंदूक हौसेने कारागिराकडे नेण्याआधी पोलिस ठाण्यात विचारलेलं बरं. शिवाय वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो; खासगी माणसाला ती देशाबाहेर विकता येत नाही. लगनसारखा सौदा भारतात कुणा खासगी माणसाला करताच आला नसता.

नेपाळी बंदुकांवर आणखी एक गोष्ट सापडते. ग्रीस उतरलं की इंग्रजी मुकुटाच्या ठशाजवळ, कधी दस्त्यावर, कधी पोलादावर, छिन्नीने ठोकलेली अक्षरं आणि आकडे दिसू लागतात. अमेरिकी संग्राहक त्यांचे फोटो काढून अर्थ विचारत फिरतात. मराठी माणसाला आकडे तरी विचारावे लागत नाहीत. ते देवनागरीत आहेत.