साइटवर डोक्यात वीट पडली, पाइप पडला: भरपाई कोणाकडून आणि अर्ज कुठे?

वाळूज-शेंद्र्याचं बांधकाम असो की बीड-हिंगोलीतून पुण्याला गेलेली टोळी, वरून वीट, सेंट्रिंगची प्लेट किंवा परांचीचा पाइप पडून कुणी जखमी झालं की ठेकेदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हेल्मेट घातलं नव्हतं, आमची जबाबदारी नाही."

हे अर्धवट खरं आहे. हेल्मेट दिलं होतं, सांगितलंही होतं आणि कामगारानं ते मुद्दाम घातलं नाही, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही सबब चालतच नाही. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा असो की 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता, चौकट तीच आहे. मालकाची चूक दाखवायची गरज नाही. कामावर असताना कामामुळे अपघात झाला एवढं पुरेसं.

ठेकेदार पळाला तर बिल्डरवर दावा करता येतो, कारण बांधकाम हाच त्याचा धंदा. स्वतःचं घर बांधून घेणाऱ्या शिक्षकावर मात्र हा नियम सहसा लागत नाही. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर भरपाई तिथूनच मिळते.

रक्कम किती? 2020 च्या अधिसूचनेनुसार महिन्याचा पगार 15,000 रुपयांपर्यंतच धरतात, आणि त्याच्या ठरावीक टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात. तीस वर्षांच्या मिस्त्रीसाठी गुणक 207.98. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराच्या 60 टक्क्यांवर 18,71,820 रुपये. मृत्यू झाल्यास 50 टक्क्यांवर 15,59,850 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. म्हणूनच पन्नास हजार हातात ठेवून स्टॅम्प पेपरवर "तक्रार नाही" लिहून घेतलं, तरी हक्क जात नाही. मृत्यूची भरपाई तर भरपाई आयुक्तांकडेच (नव्या संहितेत 'सक्षम प्राधिकारी') जमा व्हावी लागते.

अर्ज भरपाई आयुक्तांकडे करायचा. बऱ्याच ठिकाणी हे काम कामगार न्यायालय पाहतं. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं. मालकाला आधी लेखी कळवा, पोच ठेवा.

कागदांत दवाखान्याचे एमएलसीचे (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) कागद सगळ्यांत महत्त्वाचे. दाखल करताना "घरी पडला" असं कुणी लिहून दिलं, तर पुढं सगळं अवघड होतं. सोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, पोलिसांचा पंचनामा, वयासाठी आधार किंवा टीसी आणि कमावण्याची क्षमता किती घटली याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि अवलंबितांचे कागद. पगाराची पावती बहुतेकांकडे नसतेच. मग मुकादमाच्या हजेरी वहीचा फोटो, फोनपेवर आलेले पैसे, सोबत्यांची साक्ष चालते.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी नसली तरी वरचा दावा करता येतो. नोंदणी असेल, तर कामावरील मृत्यूसाठी वारसाला 5 लाखांची मदत मिळते, आणि त्यासाठी मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.