सहा टक्के आणि चार टक्के : भारत-चीन शिक्षणखर्चामागचा इतिहास

भारत आणि चीन यांच्या शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना निघाली की दोन उद्दिष्टे शेजारी मांडली जातात : देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आपले ६ टक्के, त्यांचे ४. त्यांनी आपले उद्दिष्ट बारा वर्षे उशिरा का होईना गाठले. आपले अजून कागदावरच आहे.

६ टक्क्यांची शिफारस १९६४-६६च्या शिक्षण आयोगाची. तिला १९८५-८६ची मुदत होती. १९६८च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आकडा उचलला, मुदत गाळली आणि ‘शक्य तितक्या लवकर’ यावर भागवले. १९८६च्या धोरणाने आठव्या पंचवार्षिक योजनेपासून ६ टक्के ओलांडण्याचा शब्द दिला. ती योजना सुरू झाली १९९२ मध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या संकटानंतर सरकारने हात आखडता घेतला होता तेव्हा.

चीनने १९९३ मध्ये शतकाअखेरपर्यंत ४ टक्के असे ठरवले. पण १९९४च्या करवाटणीने महसूल केंद्राकडे वळला आणि ग्रामीण शाळांचा भार तळाच्या सरकारांवरच राहिला. गावोगावी शिक्षकांचे पगार थकले, पालकांकडून शुल्क उकळले गेले. २००० साली चीन ३ टक्क्यांच्याही खाली होता. त्याच सुमारास भारत, आपल्या शिक्षण खात्याच्या हिशेबाने, ४च्या वर. चीनची उदाहरणे देणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

खरा गुंता ‘खर्च’ कशाला म्हणायचे इथे आहे. २०२०च्या धोरणात २०१७-१८चा आकडा ४.४३ टक्के दिला आहे. त्याच काळासाठी आर्थिक पाहणी ३च्या आसपास थांबते. पहिल्या हिशेबात शिक्षण खात्याबरोबर इतर खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणावरचा खर्चही धरतात. कृषी विद्यापीठ असो की आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा, पैसा दुसऱ्या खात्याचा, पण शिकते मूलच. दुसरा हिशेब बराच आखूड आहे. सरकारची बाजू मांडणारा पहिला आकडा उचलतो, टीकाकार दुसरा, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

चीनचा आकडाही तितका सरळ नाही. त्यात अर्थसंकल्पातल्या तरतुदीबरोबर शिक्षणासाठीचे अधिभार, म्हणजे करावर लावलेला जादा कर, आणि सरकारी उद्योगांनी स्वतःच्या शाळांवर केलेला खर्चही येतो. शतकाअखेरची मुदत हुकल्यावर ठरलेली २०१२ची नवी मुदत जवळ आली तेव्हा, २०११ मध्ये, जमीनविक्रीच्या निव्वळ उत्पन्नातला १० टक्के वाटा शिक्षणासाठी राखून ठेवायला सांगण्यात आले. २०१२ मध्ये आकडा ४.२८ झाला. घाईघाईने जमवलेला म्हणा हवे तर. पण तेव्हापासून तो ४च्या खाली आलेला नाही, आणि माझ्या मते महत्त्वाचे ते हेच.

अधिभार आपणही लावला : २००४ पासून प्राथमिक शिक्षणासाठी कराच्या रकमेवर २ टक्के, २००७ पासून माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १. त्या १ टक्क्याचा स्वतंत्र कोष मात्र मंजूर झाला २०१७ मध्ये. दहा वर्षे करदात्याच्या पावतीवर शिक्षणाचे नाव होते, पैसा मात्र सरकारच्या सामाईक तिजोरीत. शिवाय अधिभाराच्या रकमेत राज्यांना वाटा नसतो आणि शिक्षणाचा बहुतांश खर्च राज्येच उचलतात. केंद्राने अधिभार वाढवताना या विसंगतीची फारशी चर्चा झाली नाही.

टक्केवारी बाजूला ठेवली तरी अंतर उरतेच. १९९०च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न साधारण बरोबरीचे होते; आज चीनचे पाचपटीच्या आसपास आहे. त्यात तिथे मुलांची संख्या घटते आहे. म्हणजे ४ टक्के दोघांनीही खर्च केले तरी एका मुलामागची रक्कम कितीतरी वेगळी. २०२०च्या धोरणाने ६ टक्के पुन्हा लिहिले, ‘लवकरात लवकर’ गाठण्याचे. साल पुन्हा दिलेले नाही.