वेर्नर, ओस्कार

(१३ नोव्हेंबर १९२२ – २३ ऑक्टोबर १९८४). ऑस्ट्रियन रंगभूमी व चित्रपट अभिनेता. मूळ नाव ओस्कार योझेफ ब्श्लीसमायर. जन्म व्हिएन्ना येथे. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. त्याला वाढवण्यात आजीचा वाटा मोठा होता. बाहेरचे जग त्याला १९६०च्या दशकातल्या चार-पाच चित्रपटांमुळे ओळखते. जर्मन भाषकांसाठी मात्र तो आधी रंगभूमीवरचा हॅम्लेट, टास्सो आणि डॉन कार्लोस (शेक्सपिअर, ग्योटे आणि शिलर यांचे नाट्यनायक) होता. त्याची स्वतःची निष्ठाही नाटकाशीच होती. जगभर नाव झाल्यावरही त्याच्या चित्रपटांची यादी तोकडी राहिली, ती बरीचशी या निष्ठेमुळे.

वयाच्या अठराव्या वर्षी, १९४१ मध्ये, तो व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये दाखल झाला. सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या काळात, १७४१ साली, सुरू झालेले हे नाट्यगृह जर्मन रंगभूमीवर फार मानाचे समजले जाते आणि तिथल्या नटमंडळात इतक्या कोवळ्या वयात जागा मिळणे ही मोठी गोष्ट होती. पण काळ वाईट होता. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता. वेर्नरला नाझींची मनस्वी चीड होती आणि युद्ध त्याला मुळातच मान्य नव्हते. लष्करात सक्तीने भरती झाल्यावर आपण सैनिक म्हणून कुचकामी आहोत असे सोंग त्याने वठवले व आघाडीवर जाणे टाळले. १९४४ मध्ये त्याने एलिझाबेथ कालिना या अभिनेत्रीशी लग्न केले. नाझी कायद्याच्या लेखी ती अर्धी ज्यू होती. त्याच वर्षी डिसेंबरात तो सैन्यातून पळाला आणि बायको व तान्ह्या मुलीला घेऊन व्हिएन्नालगतच्या जंगलात, वीनरवाल्डमध्ये, युद्ध संपेपर्यंत लपून राहिला. पकडला गेला असता तर देहान्तशासन ठरलेले होते. त्याच्या पुढच्या आयुष्यातला हट्ट आणि तडजोडीचा तिटकारा समजून घ्यायचा, तर हे महिने विसरून चालणार नाही.

युद्धाच्या शेवटी बुर्गथिएटरची इमारत आगीत भस्मसात झाली. १९५५ पर्यंत त्याचे प्रयोग रोनाखर नाट्यगृहात होत होते. मधल्या काळात वेर्नर चित्रपटांकडे वळला. १९४८ मधला ‘देर एंगेल मिट देर पोझाउने’ हा त्याचा पहिला चित्रपट. त्याच्या इंग्रजी आवृत्तीतही त्याने काम केले. या कामांपायी बुर्गथिएटरशी त्याचे बिनसले. ‘डिसिजन बिफोर डॉन’ (१९५१) या अमेरिकी चित्रपटात त्याने स्वतःच्याच देशाविरुद्ध हेरगिरी पत्करणारा जर्मन युद्धकैदी रंगवला. चित्रीकरण जर्मनीतल्या खऱ्याखुऱ्या उद्ध्वस्त शहरांत झाले होते. जंगलात लपून जीव वाचवलेला नट त्या ढिगाऱ्यांमधून चालताना दिसतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची भीती शिकवलेली वाटत नाही. हॉलिवूडकडून पुढे मनाजोगे काही आले नाही आणि तो युरोपात परतला.

१९५५ हे वर्ष त्याच्यासाठी भरगच्च गेले. मोझार्टवरच्या चित्रपटात त्याने संगीतकाराची मुख्य भूमिका केली, माक्स ओफ्युल्सच्या ‘लोला मोंतेस’मध्ये विद्यार्थ्याची छोटी भूमिका केली आणि हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरच्या गे. व. पाब्स्टच्या चित्रपटातही तो दिसला. त्याच वर्षी नव्याने उभ्या राहिलेल्या बुर्गथिएटरमध्ये तो शिलरचा डॉन कार्लोस झाला. दशकाच्या अखेरीस त्याने स्वतःच्या नावाने नाटकमंडळीही काढली.

त्याची सगळ्यात मोठी ताकद त्याचा आवाज. किंचित अनुनासिक, मऊ, व्हिएन्नी लयीचा, बोलता बोलता गाण्याच्या उंबरठ्यावर जाणारा. त्या आवाजात हुकूम शोभत नसे. शंका, आर्जव आणि दुखावलेपण मात्र विलक्षण उतरे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने ‘ज्यूल ए जिम’ (१९६२) मध्ये नेमका याचा उपयोग केला. पॅरिसमध्ये राहणारा ऑस्ट्रियन ज्यूल आपल्या बायकोचे जिवलग मित्रावरचे प्रेम उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि दोघांनाही दूर लोटत नाही. जर्मन वळणाच्या फ्रेंचमधले त्याचे सावकाश बोलणे ऐकले की या माणसाचा सोसण्यातला मोठेपणा पटतो. बायकोच्या भूमिकेतली जान मोरो पडदा व्यापून टाकते हे खरे; पण चित्रपट तोलून धरतो तो वेर्नर.

स्टॅन्ली क्रेमरच्या ‘शिप ऑफ फूल्स’ (१९६५) मध्ये तो हृदयविकाराने पोखरलेला जहाजावरचा डॉक्टर शूमान आहे. अमली औषधांच्या आहारी गेलेल्या, तुरुंगाकडे नेल्या जाणाऱ्या स्पॅनिश सरदारणीवर (सिमोन सिन्योरे) त्याचा जीव जडतो. इंजेक्शन देऊ नये हे डॉक्टर म्हणून त्याला कळते आणि तिची तगमगही पाहवत नाही. या दोघांचे प्रसंग चित्रपटातल्या बाकी सगळ्या कथानकांना मागे टाकतात. या भूमिकेसाठी वेर्नरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. त्याच वर्षीच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ मधल्या फीडलर या पूर्व जर्मन गुप्तचर अधिकाऱ्याच्या भूमिकेने त्याला गोल्डन ग्लोब मिळवून दिला.

त्रुफोशी जुळलेले सूत ‘फॅरनहाइट ४५१’ (१९६६) च्या वेळी तुटले. पुस्तके जाळणारा अग्निशामक माँटॅग कसा असावा यावर दोघांचे मुळीच पटेना. शेवटी तर वेर्नर केस कापून सेटवर आला आणि आधीच्या दृश्यांशी मेळ बसवणे कठीण करून ठेवले. त्रुफोने चित्रीकरणाची रोजनिशी ‘काइये द्यु सिनेमा’ या फ्रेंच चित्रपटविषयक मासिकात छापली, तिच्यात ही कटुता स्पष्ट आहे. तरीही रात्री टीव्हीच्या उजेडात माँटॅग आयुष्यातले पहिले पुस्तक उघडतो आणि मुखपृष्ठानंतरच्या पानावरचा प्रकाशकाचा मजकूरही शब्दन्‌शब्द अडखळत वाचतो, तो प्रसंग पाहावा. भांडण कितीही असो, नटाने कामात कसूर केलेली नाही.

१९६८ मधल्या ‘द शूज ऑफ द फिशरमन’ नंतर त्याने बहुतेक प्रस्ताव परतवून लावले. १९७० मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात ‘हॅम्लेट’चे दिग्दर्शन करून मुख्य भूमिकाही केली. हॅवानाने नाकारलेल्या ज्यू निर्वासितांच्या जहाजाची गोष्ट सांगणारा ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ (१९७६) हा त्याचा शेवटचा चित्रपट. पुढची वर्षे दारूने खाल्ली. १९८३ मध्ये ऑस्ट्रियातल्या वाखाऊ भागात त्याने जर्मन नाटककार क्लाइस्टचे ‘होम्बुर्गचा राजपुत्र’ हे नाटक उभे केले, त्यावर टीकाकार तुटून पडले.

काव्यवाचनाच्या कार्यक्रमासाठी पश्चिम जर्मनीतील मारबुर्ग येथे गेला असता हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. त्रुफो दोनच दिवस आधी वारला होता. वेर्नरचे दफन लिख्टनश्टाइनमधील ट्रीझन येथे झाले. तिथे १९५०च्या दशकापासून त्याचे घर होते. रंगभूमीवरचे त्याचे काम आज फार थोडे पाहायला मिळते. मात्र रिल्के, हाइने, म्योरिके यांच्या कवितांची त्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि जर्मन येत नसलेल्यानेही ती जरूर ऐकावीत.