काचेआडचं ऊन

अमळनेरच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे घोरपडच म्हणत. हिरवट रंग, पाठीवर करवतीसारखे दाते, गळ्याखाली लोंबती पिशवी. घोरपडीला यातलं काहीच नसतं, पण सांगणार कोणाकोणाला? हा हिरवा इग्वाना, परदेशी जातीचा मोठा सरडा. एका कॉलेजकुमाराने तो वीतभर असताना विकत आणला आणि दीड वर्षाने टोपलीत घालून माझ्याकडे आणला. "सर, मांड्या कशा धष्टपुष्ट झाल्यात बघा. पण चालतच नाही."

मांड्या फुगीर होत्या खऱ्या. पण पायाची बोटं सारखी थरथरत होती, आणि खालच्या जबड्याला हलकेच बोट लावलं तर तो खोडरबरासारखा दबला. त्या मांडीत मांस नव्हतं. हाडातलं कॅल्शियम निघून गेलं की शरीर तिथे तंतुमय पेशींची भर घालतं. वरून हाड जाड दिसतं, आतून पोकळ वाशासारखं होतं.

खायला काय देतोस? केळी. रोज. चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यात राहून आणखी काय देणार! शिवाय तो ती आवडीने खायचा. राहायला माशांची जुनी टाकी, खिडकीत ठेवलेली, सकाळभर ऊन येईल अशी. पोराने हयगय केली असं मला म्हणवत नाही. त्याचे लाडच चुकले.

केळ्यात कॅल्शियमच्या जवळजवळ चौपट फॉस्फरस असतो, आणि इग्वानाला हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. खाल्लेलं कॅल्शियम रक्तात उतरायला ड जीवनसत्त्व लागतं. ते त्याच्या कातडीत तयार होतं, उन्हातल्या अतिनील-ब किरणांमुळे. हे किरण साध्या खिडकीच्या काचेतून येत नाहीत. टाकीत उजेड पडत होता, ऊबही मिळत होती, कामाचं ऊन मात्र बाहेरच राहत होतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर स्नायू आणि हृदय अडतात, म्हणून शरीर ते हाडांतून उपसतं. उसनवारी चालू राहते, फेड होत नाही.

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या दमट रानांत झाडावर राहणारा, पाला खाणारा हा प्राणी. पाला पचवणारे जिवाणू त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतात (रानातली पिल्लं ते मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळवतात), आणि त्या जिवाणूंनाही ऊब लागते. शेकायला ३५ अंशांच्या आसपासची एक जागा, रात्री विशीच्या वर तापमान, हवेत ओल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर आणि हवा भाजक्या पापडासारखी कोरडी. जानेवारीत पहाटे दहाच्या खाली. थंडीत केळीच्या बागेला ऊब म्हणून आपण बांधावर शेकोट्या पेटवतो. इग्वानाचा दिवा रात्री वीज गेली की विझतो, तेव्हा काय करायचं हे आणायच्या आधीच ठरलेलं बरं. अतिनील दिव्याचंही एक आहे: तो वर्षभराने दिसायला लख्ख पेटतो, पण त्यातले किरण बरेच कमी झालेले असतात. आणि वीतभर पिल्लू शेपटीसकट पाच-सहा फुटांचं होतं, पंधरा-वीस वर्षं जगतं. तोवर हा कॉलेजकुमार दोन मुलांचा बाप झालेला असेल.

असा खंगलेला प्राणी हाती आला की पहिली ऊर्मी खायला कोंबण्याची येते. तीच आवरायची. गार अंगात अन्न पचत नाही, आतच कुजतं. आधी ऊब, मग कोमट पाण्यात थोडा वेळ बसवणं, मग परदेशी प्राणी बघणारा पशुवैद्य. उचलताना पोटाखाली पूर्ण हात द्यायचा, पाय धरून ओढायचं नाही. या अवस्थेत हाड नुसत्या झटक्याने मोडतं. पिल्लाला हात लावल्यावर स्वतःचे हात साबणाने धुवायचे, कारण त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

"नदीकाठी सोडून देऊ का?" पोराने विचारलं. बोरी नदीच्या काठी तो थंडीत मेला असता. जगला असता तर वेगळीच पंचाईत. अमेरिकेतल्या फ्लोरिडात लोकांनी सोडलेले इग्वाना आता कालव्यांचे काठ पोखरतात आणि कडाक्याच्या थंडीत बधिर होऊन झाडांवरून टपाटप पडतात. शिवाय वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती या पोराने केलेली नव्हती. विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कॅल्शियम सुरू केलं. आम्ही टाकी काढून जाळीचा मोठा पिंजरा केला. सकाळी तासभर अंगणात, अर्धा भाग सावलीत. केळी बंद, पालकही बंद, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जास्वंदीची फुलं, तुतीचा पाला, आणि मुख्य म्हणजे शेवग्याचा. बोटांची थरथर आधी थांबली. चौथ्या महिन्यात तो फांदीवर चढला. जबडा वाकडा राहिला तो राहिलाच.

शेवगा समोरच्या आजींच्या दारात आहे. रोज सकाळी पोरगं तिथे उभं दिसतं आणि आजी आकडी देत अहिराणीत ओरडतात, "काय खास रे तुन्ही घोरपड इतला पाला?"