शालिमार रात्रभर का टिकतो?

परफ्यूमविषयी काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात तो पिरॅमिड भेटतोच. टोकाला लिंबूवर्गीय वास, मधे फुलं, तळाला व्हॅनिला, राळ, कस्तुरी. सोबत ठरलेलं स्पष्टीकरण: हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू मागे राहतात. ऐकायला इतकं सरळ की ते तपासायच्या फंदात कुणी पडत नाही. इथे मी ते तपासणार आहे, आणि त्यासाठी शंभरी गाठलेला एक परफ्यूम निवडला आहे. या स्पष्टीकरणाची शालिमारमध्ये जेवढी फजिती होते तेवढी क्वचितच कुठे होत असेल.

आधी थोडा इतिहास. शालिमार हा पॅरिसच्या गेरलँ घराण्यातल्या झाक गेरलँ यांचा परफ्यूम. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटी कलांचं जे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, ज्याच्यावरून पुढे 'आर्ट डेको' हे नाव रूढ झालं, तिथे तो झळकला. पंख्याच्या आकाराचं निळं बूच असलेली त्याची कुपी रेमों गेरलँ यांनी रेखाटली आणि बाकारा या काचकारखान्याने घडवली. नावामागची गोष्ट शहाजहान आणि मुमताजच्या प्रेमाची, शालिमार बागेतली. आता लाहोरची शालिमार बाग उभारायला घेतली १६४१ मध्ये, आणि मुमताज वारली १६३१ मध्ये. काश्मीरची बाग जहांगीरने करवून घेतलेली. पण जाहिरातीच्या सनावळ्या तपासायच्या नसतात, हे एव्हाना आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी एक समजूतही इथेच निकालात काढू. जुने परफ्यूम म्हणे शुद्ध नैसर्गिक, आणि 'केमिकल' आत्ताच्या काळात आलं. शालिमारचा पूर्वज म्हणता येईल असा 'जिकी' हा गेरलँचाच परफ्यूम १८८९ मधला. त्यात कुमारिन आणि व्हॅनिलिन ही दोन्ही प्रयोगशाळेत तयार झालेली द्रव्यं होती. कुमारिन १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी बनवलं होतं; कृत्रिम जांभळा रंग शोधणारे पर्किन ते हेच. व्हॅनिलिन १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका पदार्थापासून तयार केलं. शालिमारने पुढची पायरी गाठली. त्यात इथाइल व्हॅनिलिन आलं. व्हॅनिलिनपेक्षा फक्त एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त, व्हॅनिलाच्या शेंगेत नसलेलं, आणि वासाला तिपटी-चौपटीपर्यंत तीव्र. झाक गेरलँ यांनी या नव्या द्रव्याचा नमुना जिकीच्या बाटलीत ओतून पाहिला आणि शालिमारचं बीज पडलं, असं सांगतात. किस्सा खरा असो वा रचलेला, रसायनाच्या अंगाने तो पटण्याजोगा आहे.

आता कागदी पट्टीवर शालिमार फवारून पाहू. पहिल्या काही क्षणांत अल्कोहोलचा झटका आणि त्यामागोमाग बर्गमॉट. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात पिकणाऱ्या या फळाच्या सालीचं तेल शालिमारमध्ये सढळ हाताने घातलेलं आहे. वास कडवट, चमकदार, थोडा चहासारखा. त्याच्याआडून जाई, गुलाब आणि आयरिसची पावडरी छटा डोकावते, पण फुलं या परफ्यूममध्ये दुय्यम आहेत. तासाभरात बर्गमॉट पातळ होत जातं आणि खालून काहीतरी गडद वर येतं: व्हॅनिला, पण मिठाईतला नव्हे, धुरकट, चामड्याकडे झुकणारा. दुसऱ्या दिवशी पट्टी नाकाशी नेली तर हाच भाग शिल्लक असतो. मान्य, इथवर पिरॅमिड बरोबर आहे. चुकतं ते कारण.

बर्गमॉटच्या तेलातले तीन मुख्य घटक म्हणजे लिमोनीन, लिनॅलिल अॅसिटेट आणि लिनॅलूल. त्यांचे रेणुभार अनुक्रमे १३६, १९६ आणि १५४. तळाशी राहणाऱ्या व्हॅनिलिनचा रेणुभार १५२, कुमारिनचा १४६. पुन्हा एकदा वाचा. आधी उडून जाणारं लिनॅलूल हे मागे राहणाऱ्या व्हॅनिलिनपेक्षा किंचित जडच आहे. लिनॅलिल अॅसिटेट तर चांगलंच जड. 'हलके उडतात, जड राहतात' हा नियम शालिमारच्या बाटलीत शिरताच कोसळतो.

मग ठरवतं कोण? बाष्पदाब. बंद भांड्यात एखादा पदार्थ ठेवला की काही रेणू वर हवेत जातात, काही परत येतात, आणि जाणं-येणं समसमान झालं की वरच्या वाफेचा जो दाब असतो तो बाष्पदाब. २५ अंश सेल्सिअसला अल्कोहोलचा बाष्पदाब ८,००० पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) जरा आत आहे, लिमोनीनचा २०० च्या आसपास, लिनॅलूलचा २० च्या आसपास, लिनॅलिल अॅसिटेटचा साधारण १५. आणि व्हॅनिलिनचा? सुमारे ०.०२ पास्कल. म्हणजे लिमोनीन आणि व्हॅनिलिन यांच्या वजनात जेमतेम १६ एककांचा फरक, पण बाष्पदाबात जवळपास दहा हजार पटींचा. परफ्यूम म्हणजे द्रावण, त्यामुळे शुद्ध पदार्थांचे हे आकडे तिथे थोडेफार सरकतात. क्रम मात्र तोच राहतो.

रेणूच्या वजनाचा उडण्यावर थेट परिणाम होतो, नाही असं नाही. पृष्ठभागावरून रेणू सुटण्याचा वेग बाष्पदाबाच्या सम प्रमाणात आणि रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १३६ आणि १५२ यांच्या वर्गमुळांत फरक पडतो सहा टक्क्यांचा. बाकी सगळं काम बाष्पदाबाचं, आणि बाष्पदाब अवलंबून असतो एका गोष्टीवर: रेणूला शेजारचे रेणू किती घट्ट धरून ठेवतात.

लिमोनीन म्हणजे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. त्यात विद्युतभार कुठेही ठळकपणे एका बाजूला सरकलेला नाही. शेजाऱ्यांशी त्याचं नातं फक्त विखुरण-बलांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींतून निर्माण होणाऱ्या हलक्या ओढीचं. व्हॅनिलिनचा रेणू चपटा, त्यात बेंझीनचं कडं, आणि कड्यावर ऑक्सिजनचे तीन गट: एक हायड्रॉक्सिल, एक आल्डिहाइड, एक मेथॉक्सी. एका रेणूचा हायड्रॉक्सिल शेजारच्या रेणूच्या आल्डिहाइडमधल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरतो, तो शेजारी पुढच्याला धरतो. त्यात चपटी कडी एकमेकांना लगटून बसतात. म्हणून लिमोनीन साध्या तापमानाला पातळ द्रव, तर व्हॅनिलिन पांढरे स्फटिक, ८१-८२ अंशांना वितळणारे.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, हायड्रॉक्सिल तर लिनॅलूलमध्येही आहे. आहे, पण ज्या कार्बनला तो जोडलेला आहे त्याच्याभोवती तीन बाजूंनी इतर कार्बनांची गर्दी आहे. शेजाऱ्याला तिथवर पोचायला जागा अपुरी पडते, आणि धरायला दुसरा ऑक्सिजनही नाही. उलट कुमारिनमध्ये हायड्रॉक्सिल नाहीच, तरी ते टिकतं, कारण त्याचा रेणू चपटा आणि जोरदार ध्रुवीय आहे. एका बाजूला ऋण भार, दुसऱ्या बाजूला धन, आणि असे रेणू एकमेकांना सोडत नाहीत. म्हणजे 'हायड्रोजन बंध असला की टिकतो' हेही अर्धसत्यच. प्रत्येक रेणूचा आकार, भाराची वाटणी आणि हायड्रोजन बंधांची सोय यांचा एकत्र हिशेब करावा लागतो. मला परफ्यूमचं रसायन आवडतं ते याचसाठी.

त्वचेवर तापमानाची भर पडते. मनगटाची त्वचा साधारण ३२-३३ अंशांवर असते. तापमान वाढलं की सगळ्यांचाच बाष्पदाब वाढतो, पण सारखा नाही. ज्याची पकड घट्ट त्याचा बाष्पदाब जास्त वेगाने चढतो. २५ वरून ३३ अंशांवर गेलं तर लिमोनीनचा बाष्पदाब साधारण पावणेदोन पट होतो, व्हॅनिलिनचा दुपटीहून अधिक. त्यामुळे कागदापेक्षा अंगावर शालिमारची व्हॅनिला-बाजू लवकर बोलू लागते. मनगटं एकमेकांवर घासली की परफ्यूमचे 'रेणू तुटतात', असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. हाताने घासून रासायनिक बंध तुटत असते तर रसायनशास्त्रज्ञांना भट्ट्या लागल्या नसत्या. घासल्याने द्रव पसरतो, त्वचा किंचित तापते, आणि बर्गमॉट थोडं आधी संपतं. बस, इतकंच.

शालिमारमधली लोबानाच्या जातीची बेंझॉइन राळ आणि ओपोपोनॅक्स हा सुगंधी डिंक यांना 'फिक्सेटिव्ह', म्हणजे वास धरून ठेवणारी द्रव्यं, म्हणतात, आणि त्यांच्याविषयी जरा जास्तच बोललं जातं. राऊल्टच्या नियमानुसार मिश्रणातल्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणूंच्या वाट्याइतका कमी होतो. मिश्रणात लिमोनीनचा वाटा दहावा असेल तर त्याचा बाष्पदाबही दहावा. न उडणारी राळ मागे राहिल्याने बर्गमॉट रेंगाळतं हे खरं, पण दहा हजार पटींची दरी दहा पटींनी भरून निघत नाही. कुठलाही फिक्सेटिव्ह बर्गमॉटला संध्याकाळपर्यंत थांबवू शकत नाही. तशी जाहिरात दिसली तर ती जाहिरातच समजा.

आता उलटा प्रश्न. व्हॅनिलिन इतकं कमी उडत असेल तर त्याचा वास येतो तरी कसा? उत्तर नाकात आहे. आपल्याकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत, आणि वेगवेगळ्या रेणूंसाठी नाकाची संवेदनशीलता प्रचंड वेगवेगळी असते. व्हॅनिलिन आपल्याला अत्यल्प प्रमाणातही कळतं, लिमोनीनला त्यामानाने कितीतरी जास्त रेणू लागतात. हवेत सुटतं कमी, पण तेवढं पुरतं. आणि कमी सुटतं म्हणूनच साठा लवकर संपत नाही. इथाइल व्हॅनिलिन आणखी कमी उडतं आणि आणखी कमी प्रमाणात कळतं. शालिमारच्या टिकाऊपणाचं मर्म या दुहेरी योगात आहे. परफ्यूम लावणाऱ्या बाईला मात्र अर्ध्या तासात वाटतं की वास गेला. तो गेलेला नसतो, तिचं नाक त्याला सरावलेलं असतं. त्यामुळे पुन्हा फवारण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

नुसता टिकाऊपणा म्हणजे चांगला परफ्यूम नव्हे. निव्वळ व्हॅनिला तासाभरात नकोसा होतो. शालिमारमध्ये त्याला धुराने आणि सिव्हेटने आवर घातला आहे. सिव्हेट म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथींतला स्राव. त्यात स्कॅटोल असतं, विष्ठेलाही वास देणारं. अत्यल्प प्रमाणात मात्र ते गोडव्याला खोली देतं. सिव्हेटचा मुख्य रेणू सिव्हेटोन, त्याची रचना लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये उलगडली. ते निघालं १७ कार्बनचं कडं. इतकं मोठं कडं स्थिर राहूच शकत नाही, असं तोवर मानलं जात होतं. रुझिच्का यांना १९३९ चं नोबेल मिळालं त्यात या मोठ्या कड्यांवरच्या कामाचाही वाटा आहे.

प्राण्यांच्या स्रावाचा विषय निघाला की 'फेरोमोन' येतोच. अमुक परफ्यूमने समोरचा आपोआप आकर्षित होतो वगैरे. माणसात असा एकही फेरोमोन आजवर निर्विवाद सिद्ध झालेला नाही. अनेक प्राणी फेरोमोन ओळखण्यासाठी नाकातलं जे वेगळं इंद्रिय वापरतात, ते प्रौढ माणसात काम करत नाही आणि त्याला लागणारं एक महत्त्वाचं जनुक आपल्यात निकामी झालेलं आहे. शालिमारचं आकर्षण शिकलेलं आहे, जन्मजात नाही. गंधाचे संदेश मेंदूत भावना आणि स्मृतीच्या केंद्रांपर्यंत फार थेट पोचतात. आईच्या किंवा आजीच्या स्कार्फला येणारा वास म्हणून ज्यांनी तो ओळखला, त्यांना तो इतरांपेक्षा वेगळा भासणारच.

राहता राहिला जुन्या बाटल्यांचा मुद्दा. 'पूर्वीचा शालिमार खोल होता, आताचा उथळ' ही तक्रार जुनी बाटली हुंगूनच केली जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. बर्गमॉटच्या तेलातलं बर्गाप्टेन त्वचेवर ऊन पडलं की डाग पाडतं, म्हणून आता ते काढून टाकलेलं तेल वापरतात. खऱ्या सिव्हेटच्या जागी संश्लेषित द्रव्यं आली. वास थोडा बदलला, हे मान्यच. पण जुनी बाटलीही १९२५ सारखी उरलेली नसते. लिमोनीन आणि लिनॅलूल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतात, वरचा थर टर्पेंटाइनसारखा आंबूस होतो. तळाचं व्हॅनिलिन आणि राळ बऱ्याच अंशी शाबूत राहतात, फक्त द्रवाचा रंग गडद तपकिरी होतो. वरचा उजेड गेला की तळ आहे त्याहून खोल वाटणारच. व्हर्सायच्या ऑस्मोथेक या गंधसंग्रहालयात १९९० पासून जुने परफ्यूम १२ अंश तापमानात, अंधारात, आर्गॉन वायूखाली ठेवतात, ते ऑक्सिजनला दूर ठेवण्यासाठीच.

घरच्या कपाटातली बाटली काही आर्गॉनखाली नसते. तेव्हा जुन्या-नव्या शालिमारची तुलना करायचीच असेल तर दोन पट्ट्यांवर फवारा, त्या चक्क दोन तास बाजूला ठेवा, आणि दोन्हीकडचं बर्गमॉट उडून गेल्यावर मगच नाकाशी न्या.